वहाळातला रस्ता

आबा,

रस्त्याला तुमचं नाव लागलंय. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, आधी कैलासवासी, मग तुमचं पूर्ण नाव आडनावासकट, आणि शेवटी मार्ग. आपल्या गावात आजवर कुठल्या वाटेला मार्ग म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी तुमच्यापर्यंत कुणी पोचवली असेल असं वाटत नाही, आणि मलाही ती आनंदाने कळवायची नाहीये. मला राग आलाय. तुम्हाला माहीत असेलच, मी वर्तमानपत्रात लोकांची टर उडवून पोट भरते. आमदार, महाराज, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, कुणाला सोडलेलं नाही. पण इतक्या वर्षांत तुमच्यावर एक ओळ लिहिली नाही. म्हटलं, गेलेल्या माणसाला कशाला. आता तुम्हीच पत्र्यावर चढून रस्त्याच्या कडेला उभे राहिलात, तेव्हा माझाही नाइलाज आहे.

पाटी कुठे लावलीय माहितेय? आपल्या मोठ्या खाचराचा बांध जिथे सुरू होतो ना, त्या तोंडाशी. जिथे तुम्ही लावणी झाली की बोरीच्या फांद्या आडव्या टाकायचात, बरोबर त्या जागेवर. जागा निवडणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त वळण दिसलं.

आपल्याकडे खरं तर कसला दुष्काळ? कर्जतच्या या अंगाला पाऊस पडतो तो गुरं बांधल्या जागी कुजतील असा. पण देशावर विहिरी आटल्या त्या साली इथेही भाद्रपदात आभाळाने तोंड फिरवलं आणि भात पोचट निघालं. लोंबी हातात घेतली तर नुसती सळसळ वाजायची. वाडीवरच्या ठाकरांची नाचणीही गेली. मग फाल्गुनात सरकारी काम आलं. आपल्या गावापासून डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीपर्यंत मातीचा रस्ता. वाडीला आजवर रस्ता नव्हताच, आणि सगळ्यांच्या हाताला काम हवं होतं, त्यामुळे कुणाचं काही म्हणणं असायचं कारण नव्हतं. तुम्ही मुकादम झालात, कारण गावात आवाज तुमचा मोठा होता आणि मनगटावर घड्याळ होतं. घड्याळ बंद होतं, पण ते ओव्हरसियरला कुठे माहीत.

देवळापुढच्या पारावर बैठक बसली तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसलेली, बायकांच्यात खांबाला टेकून ऐकत होते. ओव्हरसियरने नकाशा उलगडला. त्यावर रस्त्याची रेघ सरळ आपल्या मोठ्या खाचराच्या कडेने गेली होती. बैलगाडी जाईल एवढी पट्टी तुमची, पुढे थोडी थोडी इतरांची. तुम्ही दिली असती तर बाकीच्यांनी दिलीच असती, सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "सायब, भाताची जमीन हाय ती. तिच्यावर रस्ता नाय होत. शेजारनं वहाळ जातोय बघा, उन्हाळाभर कोरडा ठणठणीत. तो कुनाच्या बापाचा नाय. तिथनं न्या."

ओव्हरसियर पोरगेलासा होता. म्हणाला, "पण पावसाळ्यात वहाळाला पाणी असेल ना?"

"पावसाळ्यात सगळीकडंच पानी असतंय, सायब. काम तर उन्हाळ्यात करायचं हाय."

पारावर हशा पिकला. ओव्हरसियरही हसला. ज्यांच्यासाठी रस्ता होणार होता ती वाडीवरची माणसं पाराखाली उकिडवी बसली होती, त्यांतलेही दोघे-चौघे हसले, कारण मुकादम बोलला की हसायचं असतं. अशा रीतीने, आबा, ओढ्याच्या पात्रातून रस्ता न्यायचा ठराव एकमताने झाला. मी पुढे विधानसभेची अधिवेशनं ऐकली, पण इतकं सुटसुटीत कामकाज पुन्हा पाहायला मिळालं नाही. रात्री जेवताना मी विचारलं, वहाळात कुणी रस्ता बांधतं का, तर तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "मॅट्रिकला बसलीस म्हणून बापाला भूगोल शिकवू नको."

आणि तरी ते काम, काय सांगू. चुन्याची रेघ मारलेली, दोन्ही अंगांना वहाळाचे गोटे रचलेले, मध्ये माती ओतायची. पुरुष खणायचे, बायका वाहायच्या. घमेलं डोक्यावर चढवायला दोघी लागतात, म्हणून बायकांच्या जोड्या लावल्या होत्या. आईची जोडी तुम्हीच लावलीत, वाडीवरच्या एका ठाकरणीशी. तुम्हाला वाटलं असेल, ठाकरीण कामाला वाघ आहे, बायकोचं ओझं हलकं होईल. ती आईपेक्षा लहान, काटक, तोंडाने फटकळ. तिची अंगावर पिणारी पोर करंजाच्या फांदीला लुगड्याच्या झोळीत टांगलेली असायची. पोर रडली की ही मातीच्या हातानेच धावायची आणि तेवढा वेळ आईचं घमेलं मी उचलून द्यायचे. सुरुवातीला आई तिच्याशी बेतानेच बोलायची. पाण्याचे माठही दोन होते, आपला वेगळा, त्यांचा वेगळा. पंधरवड्याने बघते तर आई त्यांच्या माठातलं पाणी पितेय. मी बघितलं तसं म्हणाली, "तिकडचं गार हाय."

तुम्ही कर्जतच्या बाजारातून आम्हा दोघींना रबरी चपला आणल्यात ते आठवतं? निळ्या पट्ट्यांच्या. वहाळातले गोटे चैत्रात असे तापायचे की पाय टेकवत नसे. साऱ्या कामावर आमच्या दोघींच्याच पायांत चपला. मी मिरवत घातल्या. आईने दुसऱ्या दिवशी आपल्या जोडीदारणीला देऊन टाकल्या. तुम्ही हजेरी घेताना त्या पायांकडे बघितलंत, मग आईच्या अनवाणी पायांकडे, आणि पुढे गेलात. ठाकरीण मागून मुद्दाम ऐकू जाईल अशी म्हणाली, "मुकादमानं चपला आनल्या खऱ्या, पर माप माजं निगालं." बायका हसून हसून खाली बसल्या. तुमच्याही मिशीत काहीतरी हललं. मी पाहिलंय. म्हणूनच तर राग जास्त येतो. तुम्ही दगड असता तर मी दगडावर कशाला वेळ घालवला असता.

रस्ता झाला. एक पुढारी आला, नारळ फुटला, ट्रकचालकाने एकदा वाडीपर्यंत जाऊन दाखवलं. आषाढात डोंगरावरून पाणी उतरलं आणि वहाळाने आपली जागा परत घेतली. सकाळी बघतो तर रस्ता नाही. करंजाखाली गोट्यांची एक ओळ तेवढी उरलेली. सगळं गाव छत्र्या आणि इरली घेऊन बघायला जमलं आणि हसलं. ठाकरीण म्हणाली, "रस्ता सासरी गेला गं बायांनो. पाताळगंगेला दिला त्याला. आता फाल्गुनात येईल म्हायेरी." आणि खरंच आला. पुढच्या फाल्गुनात तोच चुना, तीच रेघ, तोच वहाळ, पुढारी मात्र दुसरा. ओव्हरसियर म्हणाला, पाणी खालून जायला मोरी बांधायची तर सिमेंट लागतं, सिमेंटला मंजुरी नाही, मातीला आहे. तुम्ही म्हणालात, "बेस झालं. पक्का झाला असता तर लोकांनी काय खाल्लं असतं?" यावर गावाने मान डोलावली. त्यात तथ्य होतं, हीच तर तुमची खुबी. तुम्ही कधी साफ खोटं बोलला नाहीत. दर वेळी तुमच्या म्हणण्यात एवढं तथ्य असायचं की त्याच्या आड ती पट्टी झाकून जायची.

आईने तुमच्याकडे पट्टी मागितली होती. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. आईने आधी तुमच्या ताटात कालवण वाढलं, मग म्हणाली, "आवं, ती खाचराची कड देऊन टाका ना. पावसाची वाडी पार तुटती." तुम्ही म्हणालात, "तुला कुनी शिकवलं हे? त्या ठाकरणीनं?" आई म्हणाली, "मला डोळं हायती." त्यावर तुम्ही म्हणालात ते मी शब्दशः लक्षात ठेवलंय, "आज रस्ता देतो, उद्या म्हनशील विहीर दे." आईला विहीर नको होती, आबा. चार महिने ज्या बाईबरोबर एक घमेलं उचललं, तिचा चेहरा पुढचे चारही महिने दिसावा, एवढंच हवं होतं.

आता तो दिवस. त्याच्याकडे यायला मी एवढा वळसा घातला, तोही तुमच्याकडूनच शिकले.

रस्ता दुसऱ्यांदा वाहून गेला त्या सालचा श्रावण आहे. लावणी उरकून काही दिवस झालेत. खाचरं काठोकाठ भरलेली, बांध अजून ओले. लावणीनंतर बांधावर पाय द्यायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज, सगळे पाळतात. तुम्ही जरा जास्तच पाळता, म्हणून बांधाच्या तोंडाशी बोरीच्या फांद्या टाकलेल्या. वहाळ दोन्ही काठ घासत चाललाय. तुम्ही डोक्यावर इरलं घेऊन काठी टेकून उभे. मी आणि आई तुमची न्याहारी घेऊन पलीकडच्या कडेने येतोय, आणि समोरून, वाडीकडून, ती दोघं येतात, ठाकरीण आणि तिचा नवरा. नवऱ्याच्या छातीशी फडक्यात ती पोर, झोळीतली, आता चालायला लागलेली. ठाकरणीच्या पायांत त्या निळ्या पट्ट्यांच्या चपला, एका पट्ट्याला तार बांधलेली.

"मुकादम, पोरीला कालधरनं ढाळ लागलेत," ती म्हणते. "डोळं फिरवतेय. कर्जतच्या दवाखान्यात न्येतो. बांधावरनं जाऊ द्या."

"बांध वला हाय. पाय पडला का फुटंल. खाली सगळ्यांची लावनी हाय, ती व्हावत जाईल," तुम्ही म्हणता. आवाज चढवत नाही. तुमचा आवाज त्या दिवशी मुळीच चढलेला नाही. "वरनं जा, पुलावरनं."

"पुलावरनं दुपार व्हईल."

"मंग बोलत काय उभी ऱ्हायलीस? निघ बिगीनं."

ती तुमच्या तोंडाकडे बघते. मग तुमची नजर खाली तिच्या चपलांकडे जाते, तुम्हाला त्या ओळखू येतात, हेही मी बघते. नवरा आधी वळतो. ती वळते. इकडे आईने न्याहारीचं फडकं चिखलात टाकलंय आणि बांधावरून धावतेय, ओल्या बांधावरून आबा, तुमच्या डोळ्यांदेखत, आणि त्या फांद्या दोन्ही हातांनी उपसून वहाळात फेकतेय. हाका मारतेय. वहाळाच्या आवाजात तिच्या हाका तिलाही ऐकू येत नसतील. ती दोघं झाडीत शिरली.

पोर पुलापर्यंतही पोचली नाही.

आणि बांध फुटला नाही. आई धावली, मागून मी धावले, दोघींच्या वजनाने तो जरा दबला, बस. समजा फुटला असता. तुम्ही मुकादम होतात. दर वर्षी अख्खा रस्ता वाहून जाताना पारावर बसून हसलात, कारण माती काय, पुन्हा घालता येते. हातभर बांध फुटला असता तर सकाळभरात पुन्हा घातला असता, मी घातला असता, आईने घातला असता, ठाकरणीनेच घातला असता. अख्ख्या तालुक्यात माती घालण्यात तुमच्याइतका अनुभवी माणूस नव्हता. इतकी वर्षं मी या हिशोबाशी येऊन थांबते आणि माझी सगळी विनोदबुद्धी तिथे मरून पडते.

आईच्या उजव्या तळव्यात बोरीचा काटा मोडला होता. हात सुजला, पिकला, बरेच दिवस फडक्यात बांधून होता. तेवढे दिवस ती सगळ्यांना डाव्या हाताने वाढायची. मग हात बरा झाला. दादाला, मला, पाहुण्यांना ती उजव्या हाताने वाढू लागली. तुम्हाला मात्र डाव्याच हाताने. भात डाव्या हाताने, वरण डाव्या हाताने, सणासुदीची पुरणपोळी डाव्या हाताने. नैवेद्याचं पान उजव्या हाताने वाढून झालं की तुमच्या पानाशी येताना ती पळी या हातातून त्या हातात घ्यायची. एकदा माझ्या आत्याने टोकलं, "वयनी, डाव्या हातानं वाढत्यात का घरधन्याला?" आई म्हणाली, "हात दुखतोय." तुम्ही जेवत राहिलात. शेवटपर्यंत तुम्ही तिला एकदाही विचारलं नाही, आणि एकदाही ताटावरून उठला नाहीत. मला वाटायचं, निदान एकदा ताट भिरकावून द्याल. मग भांडण होईल, बोलणं होईल, कुणीतरी त्या पोरीचं नाव घेईल. तुम्ही घास मोडत राहिलात.

त्या वर्षी काटे पुन्हा लागले नाहीत, हे मी नाकारत नाही. बांधाचं तोंड उघडं होतं आणि तुम्ही तिकडे फिरकत नव्हतात. वाडीवरचं कुणी मात्र त्या बाजूला आलं नाही. पुढच्या साली लावणी झाली आणि मी कॉलेजातून शनिवारी घरी आले, तर बोरीच्या फांद्या जागेवर. ताज्या, हिरव्या. तुमचा पश्चात्ताप एका हंगामाचा निघाला, आपल्या रस्त्यासारखाच.

आई गेली, मग तुम्ही गेलात. पट्टी दादाने दिली. वाडीसाठी नव्हे, असं कुणी समजू नये. वाडीच्या अलीकडे मुंबईच्या एका माणसाने फार्महाऊस बांधलं आणि त्याची मोटार वहाळात रुतली. जे ढाळ लागलेल्या पोरीला जमलं नाही ते मोटारीला एका दिवसात जमलं. पट्टी दिली, डांबर पडलं, मोरीला सिमेंटही मिळालं. मग जमीन देणाऱ्याचं नाव रस्त्याला लावायचं ठरलं, सातबारावर अजून तुम्हीच होतात, आणि दादाने होकार दिला. मला उद्घाटनाला बोलावलं, चार शब्द बोलायला. मी चार शब्द तयार केले होते. त्यांतला एकही त्या व्यासपीठाला झेपला नसता. त्याआधी मी वाडीवर गेले, ठाकरणीला सांगायला की ती पाटी मी उपटून टाकणार आहे.

ती ओटीवर नाचणी पाखडत होती. म्हातारी झालीय, जिभेवर मात्र एक सुरकुती नाही. मी म्हटलं, "मावशी, रस्त्याला आबांचं नाव लावलंय. मी ते काढायला लावते."

"कशापायी?"

"तुम्ही विचारता कशापायी?"

सूप थांबलं नाही. "ऱ्हाऊ दे गं. कुठं लावलाय त्याला? बांधाच्या तोंडाशीच ना?"

"हो."

"मंग बेस हाय. जिता व्हता तवा तिथंच हुबा ऱ्हायचा, काठी घिऊन. आता बिनकाठीचा हुबा ऱ्हाऊ दे. टेंपो जातोय, आमची पोरं साळंत जात्यात, बाळंतनी जात्यात. बघू दे त्याला कोन कोन जातंय ते." मग तिने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला आणि म्हणाली, "तुजी आय आसती तर हसली आसती."

उद्घाटनाला मी बोलले नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. लोकांना हायसं वाटलं असावं.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुमचा पत्ता आता तो बांधच, आणि तिथे टपाल येत नाही. तरीही एक सांगायचं राहिलंय, ते सांगते आणि कागद घडी करून ठेवून देते. परवा पावसात मी त्या रस्त्याने एकटीच गेले. वाडीचा टेंपो नुकताच गेला असावा, त्याच्या चाकांनी उडालेला चिखल तुमच्या नावावर बसला होता. नुसतं कैलासवासी तेवढं वाचता येत होतं. मी थांबले आणि ओढणीने ती पाटी पुसली, अक्षरन् अक्षर, आडनावापर्यंत. तुम्हाला नीट दिसावं कोण कोण जातंय, म्हणून पुसली, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. ते खरं नाही.